लाज वाटणं म्हणजे लाजणं नव्हे

"आधी विचार, मग विचार कर." पाच शब्दांचं वाक्य, त्यात 'विचार' दोनदा, आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. पहिला 'विचार' हे 'विचारणे'चं आज्ञार्थी रूप, म्हणजे कुणाला तरी प्रश्न विचार. दुसरा डोक्यात चालतो तो. मराठी घरात वाढलेल्याला यात काहीच अडत नाही. मराठी नव्याने शिकणारा मात्र इथे हमखास ठेचकाळतो आणि "मी यावर खूप विचारलं" म्हणून मोकळा होतो, सांगायचं असतं "खूप विचार केला". त्याचा तर्क तसा बरोबर असतो. वापर-वापरणे, स्वीकार-स्वीकारणे, नकार-नाकारणे या जोड्या त्याने पाहिलेल्या असतात, आणि तिथे नाम आणि क्रियापद एकमेकांच्या जागी सुखाने बसतात. मग 'विचार'नेच काय घोडं मारलं?

संस्कृतातला 'विचार' म्हणजे पारख, चिकित्सा. नामाने तो अर्थ मराठीतही धरून ठेवला. जुन्या मराठीत 'विचारणे'लाही मनाशी विचार करणे हा अर्थ होता, पण बोलण्यातून तो गेला आणि दुसऱ्याला प्रश्न करणं तेवढं उरलं. 'सारासार विचारून' असं आज कुणी म्हटलं तर ते पोथीतलं वाटतं. उलट 'विचारपूस'मधला विचार नामासारखा दिसत असूनही क्रियापदाच्या बाजूचा आहे. आणि "हल्ली त्याला कोण विचारतं?" यात प्रश्नही नाही नि विचारही नाही, तिथे अर्थ आहे किंमत देण्याचा.

ही जोडी वेगळी ठेवायची तर विभक्तीकडे बघावं. 'विचारणे' माणसाला -ला लावतं, 'विचार करणे' -चा मागतं. "मुलीला स्थळाबद्दल विचारलं" आणि "मुलीचा त्या स्थळासाठी विचार केला" या दोन वाक्यांत त्या मुलीच्या वाट्याला आलेलं स्थान किती वेगळं आहे बघा. पहिल्यात तिचं मत घेतलं, दुसऱ्यात ती खोलीत नव्हती तरी चालतं.

शीर्षकातली जोडी याहून जवळची आणि म्हणून जास्त फसवी आहे. 'लाज वाटणे' म्हणजे आपलं काही चुकलं, कमी पडलं, ते चारचौघांत उघडं पडलं याची बोच. 'लाजणे' म्हणजे संकोचाने मान खाली जाणं, गाल लाल होणं. कौतुक झालं की माणूस लाजतो, चोरी पकडली गेली की त्याला लाज वाटते. "लग्नाचा विषय निघाला आणि ती लाजली" हे गोड आहे. तिथेच "तिला लाज वाटली" असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते, काहीतरी लपवलेलं आहे. 'लाजवणे' पुन्हा तिसरीकडे जातं. "तरुणांना लाजवेल असा उत्साह" यात ना संकोच ना अपराध, फक्त तुलना. अनुवादात ही गल्लत फार होते, कारण बऱ्याच भाषांत शरम आणि संकोच यांना मुळातच वेगवेगळे शब्द असतात. मराठीत दोन्ही एकाच शब्दाच्या दोन टोकांना बांधलेले आहेत, आणि कुठलं टोक धरायचं हे नाम वापरलंय की क्रियापद यावर ठरतं.

यामागे एक पद्धत दिसते. मराठीत मनाची नि शरीराची अवस्था बहुधा नामाने सांगितली जाते, ज्याची अवस्था त्याला -ला लागतो, आणि सोबतीला वाटणे, येणे, लागणे यांतलं एखादं क्रियापद येतं. तिथे माणूस कर्ता नसतो, ते त्याला होतं. त्याच धातूचं क्रियापद आलं की माणूस कर्ता होतो आणि बाहेरून दिसणारी कृती पुढे येते. 'आईला राग आला' ही आतली गोष्ट, कदाचित कुणाला कळलीही नसेल. 'आई रागावली' म्हटलं की घरभर कळलेलं असतं. त्यातही "आई त्याच्यावर रागावली" म्हणजे नाराज झाली, अबोलाही असू शकतो. "आई त्याला रागावली" म्हणजे तोंडाने बोलली, फटकारलं. एका प्रत्ययाचा फरक. (संगीतातला राग या वादात नाही, त्याला रागावता येत नाही.)

'झोप'चं उदाहरण मला सगळ्यांत उपयोगी वाटतं, कारण तिथे चूक झाली तर तिचे परिणाम प्रत्यक्ष होतात. "मी दहाला झोपलो, झोप मात्र दीडला लागली." 'झोपणे' म्हणजे अंग टाकणं, दिवा मालवणं, अंथरुणात शिरणं. ते आपण ठरवून करतो. 'झोप लागणे' आपल्या हातात नसतं. त्यामुळे आरोग्याच्या प्रश्नावलीत "रात्री किती तास झोपता?" असं छापलं की लोक दहा ते सहा असा हिशोब करून आठ लिहितात. "प्रत्यक्ष झोप किती तास लागते?" असं विचारलं तर तोच माणूस चार म्हणतो. दोन्ही उत्तरं खरी आहेत, प्रश्नच वेगळे आहेत. शिवाय 'झोप होणे' आहेच. "झोपलो होतो, पण झोप झाली नाही" यात अंथरुणात पडणं झालं, डोळाही लागला असेल, पण पुरेसं झालं नाही. प्रश्नावली मराठीत आणणाऱ्यांनी झोपणे, झोप लागणे आणि झोप होणे हे तीन वेगळे रकाने समजावेत.

आठवणीचंही तसंच. "मला तुझा नंबर आठवत नाही" ही स्मरणशक्तीची अडचण, कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. "मला तुझी आठवण येत नाही" म्हटलं तर नातं तुटतं. 'आठवण येणे'त ओढ आहे, 'आठवणे'त नुसता शोध. 'आठवण करून देणे' हे तिसरं, त्यात ओढही नाही नि शोधही नाही, कॅलेंडरचं काम आहे.

सगळीकडे असा फरक पडतोच असं मात्र नाही. 'भीती वाटणे' आणि 'भिणे' यांत फार अंतर नाही. "मी कुणाला भीत नाही"ला थोडी छाती पुढे काढल्याचा वास आहे, एवढंच.

हसण्याला तर एक सोडून दोन नामं आहेत. 'हसू' ओठांवर येतं, 'हसे' लोकांत होतं. "त्याला हसू आलं" आणि "त्याचं हसं झालं" यांत हसणारा माणूसच बदलतो.

ओळखीकडे येऊ. "मी त्यांना ओळखतो" हे एकतर्फी असू शकतं. मुख्यमंत्र्यांना सगळेच ओळखतात. "माझी त्यांच्याशी ओळख आहे" म्हणायला त्यांनीही आपल्याला ओळखायला लागतं. म्हणून बढाई मारणारा नेहमी नाम वापरतो. "तिथे कुणाची ओळख आहे का?" या प्रश्नात तर ओळख म्हणजे सरळ वशिला. 'ओळखणे'त हा अर्थ शिरत नाही, पण त्याच्याकडे अंदाज बांधणे हा अर्थ आहे, "ओळखा पाहू!" मधला, जो नामाकडे नाही. 'शोध'चंही असंच फाटलेलं आहे. शोध घेतला जातो, लागतो आणि लावलाही जातो. 'शोधणे'त फक्त पहिलं येतं. "एडिसनने दिवा शोधला" असं लिहिलं की त्याचा दिवा हरवला होता असं वाटतं.

'समज' हा शब्द जरा निवांत बघण्यासारखा आहे, कारण इथे नामाचं लिंग बदललं की अर्थ बदलतो. "लोकांचा असा समज आहे" हा पुल्लिंगी समज, म्हणजे धारणा, आणि बरेचदा चुकीची. "त्याची समज चांगली आहे" ही स्त्रीलिंगी, म्हणजे आकलन, पोच. आणि "कर्मचाऱ्याला समज देण्यात आली" हीसुद्धा स्त्रीलिंगीच, पण अर्थ ताकीद. शिक्षेच्या शिडीवरची खालची पायरी. हे न कळता "त्याला समज दिली"चा अर्थ 'त्याला समजावून सांगितलं' असा घेतला जातो आणि बातमीची धारच जाते. समजावून सांगण्यासाठी 'समजूत घालणे' आहे, आणि त्यात सांत्वन, मनधरणी असं सगळं येतं. तीच 'समजूत' नुसती 'असणे'बरोबर आली की पुन्हा धारणा होते: "अशी एक समजूत आहे." एकच नाम, सोबतचं क्रियापद बदललं की भलतीकडे.

क्रियापदात 'मला समजलं' आणि 'मी समजत होतो' यांची दिशा उलटी आहे. "तो आल्याचं मला समजलं" म्हणजे तो आला आहे, बातमी खरी. "तो आला असं मी समजत होतो" म्हणजे बहुधा तो आलेला नाही. -ला लागला की ज्ञान, माणूस कर्ता झाला की गृहीतक. "स्वतःला कोण समजतोस?" हे त्याच घरातलं. बातमी लिहिताना किंवा जबाब नोंदवताना ही दोन रूपं एकमेकांच्या जागी गेली तर साक्षीदाराचं म्हणणंच फिरतं.

'चूक' घ्या. नामाचा अर्थ ठाम आहे: दोष, गफलत. क्रियापदाचा पसारा मोठा. बस चुकते, वाट चुकते, जत्रेत मूल चुकतं, हृदयाचा ठोका चुकतो, मरण कुणाला चुकत नाही. यांतल्या कशातही कुणाची 'चूक' असायलाच हवी असं नाही. मुळात तिथे नेम हुकणं, गाठ न पडणं हा अर्थ आहे. चुकामूक याच बाजूची. माफी मागतानाही या फरकाचा उपयोग लोक नकळत करतात. "मी चूक केली" ही पूर्ण कबुली. "माझी चूक झाली" जरा मऊ. "माझं चुकलं" याहून मऊ, त्यात नक्की काय चुकलं तेही सांगावं लागत नाही. राजकीय निवेदनांत मात्र "चूक झाली असल्यास" असतं, त्याला व्याकरण काय करणार.

पैशाच्या व्यवहारात हाच धातू उलट्या दोन दिशांना जातो, तिथे डोळ्यांत तेल घालून वाचावं. "हप्ता चुकला" म्हणजे भरला गेला नाही. "हप्ता चुकता केला" म्हणजे भरून मोकळे झालो. "कर चुकवला" म्हणजे बुडवला. हिंदीतल्या 'चुकाना'चा अर्थ फेडणं, भरणं असा आहे, त्यामुळे हिंदीवरून घाईने आणलेल्या मजकुरात "ग्राहकांनी रक्कम वेळेत चुकवावी" अशी वाक्यं येतात आणि मराठीत तो बुडवायचा सल्ला ठरतो. सरळ 'भरावी' लिहावं. याच कुळातला 'चुकारा' म्हणजे मालाचे मिळायचे पैसे. धानाचे चुकारे, दुधाचे चुकारे थकले अशा बातम्या असतात. आणि 'कामचुकार' काम टाळणारा. एका काना-मात्रेवर फेडणं आणि टाळणं उभं आहे.

लिहिताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती ऱ्हस्वदीर्घाची. 1962 पासून शासनमान्य असलेल्या लेखननियमांप्रमाणे मराठी अकारान्त शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार-उकार दीर्घ, आणि सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप होतं त्यात, तो ऱ्हस्व. म्हणून नाम चूक, फूट, लूट, सूज, भूल; क्रियापद चुकणे, फुटणे, लुटणे, सुजणे, भुलणे; आणि नामाचं सामान्यरूपही चुकीचा, फुटीमुळे, लुटीतला. 'चूकीचा' आणि 'निवडणूकीत' या दोन चुका सगळीकडे दिसतात. 'निवडणूक' दीर्घ, 'निवडणुकीत' ऱ्हस्व. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले गुण, विष यांना हा नियम लागत नाही. 'गुण' तर आपल्या विषयात बसतोच. नामात स्वभाव नि परीक्षेतले मार्क, क्रियापदात गुणाकार. त्याचा जोडीदार 'भाग'. 'भागणे' म्हणजे भागाकार करणं, पण तहानही भागते, थकलेला माणूसही भागतो, आणि पगारात भागत नाही. नामाला यातलं पहिलं सोडून काही माहीत नाही.

वर आलेला 'भूल' हाही बघून घ्या. 'भुलणे' म्हणजे मोहात पडणं. 'भूल' मात्र आज शस्त्रक्रियेआधी देतात ती. "त्याला भूल पडली" आणि "त्याला भूल दिली" यांत पहिलीला मोह लागतो, दुसरीला डॉक्टर.

प्रत्यय लावून केलेल्या नामांत अर्थ आणखी आकसतो, आणि कुठला प्रत्यय कुठे नेईल याचा थोडा अंदाज बांधता येतो. -णूक लागला की शब्द बहुधा घरातून समाजात जातो. पिळणे कपड्यांचं असतं, पिळवणूक मजुरांची. मिरवणे नव्या साडीचं, मिरवणूक गणपतीची. गुंतवणे दोऱ्यात बोट किंवा कामात माणूस, गुंतवणूक पैशाची. निवडणे तांदळाचंही असतं, पण तांदळाची निवडणूक कुणी घेत नाही. 'निवड' आणि 'निवडणूक' यांतही निवड हा निकाल आहे आणि निवडणूक ही प्रक्रिया. म्हणून "अध्यक्षपदी निवड झाली" या वाक्यावरून मतदान झालं की नाही ते कळत नाही.

-आव लागलेल्या शब्दांना थोडा सरकारी किंवा पोलिसी रंग चढतो. ठरणे-ठराव, जमणे-जमाव, बनणे-बनाव. लग्नाला पाहुणे जमतात, पण त्यांना 'जमाव' म्हटलं की जमावबंदी आठवते. बनाव नेहमी संशयास्पद. 'उठाव' मात्र मजेशीर आहे. 1857चा उठाव वेगळा, "मालाला उठाव नाही" यातला वेगळा, चित्रातल्या रंगाला येतो तो आणखी वेगळा, आणि सकाळी अंथरुणातून उठणं यांतल्या कशातच नाही.

-णी लावून शेतातली कामं होतात: पेरणी, कापणी, मळणी, भाताची लावणी. शिकवणे या एका क्रियापदाला 'शिकवण' आणि 'शिकवणी' अशी दोन नामं आहेत. शिकवण संतांची, फुकट. शिकवणीला फी. 'वाटणे'कडून वाटणी, वाटप आणि वाटण आले. वाटण स्वयंपाकघरात राहिलं, वाटणी हक्कदारांत होते, वाटप बाहेरच्यांना होतं. "समितीने निधीचं वाटप केलं" हे कौतुक आणि "समितीने निधीची वाटणी केली" हा आरोप. 'करणे'कडून 'करणी', आणि ती कुणावर केली की जादूटोणा. 'उतरणे'कडून उतार, उतारा आणि उतारू. उतारा विषावरही असतो, पुस्तकातलाही आणि सातबाराचाही. उतारू म्हणजे प्रवासी, त्यामुळे "उतारू गाडीत चढले" हे वाक्य ऐकायला विचित्र असलं तरी बिनचूक आहे.

शंका आली तर करायचं काय? नामाबरोबर कुठली क्रियापदं चालतात ते आधी मांडावं: येणे, लागणे, वाटणे, देणे, घेणे, घालणे, करणे. मग त्या प्रत्येक वाक्यातलं नाम काढून तिथे एकटं क्रियापद ठेवावं आणि अर्थ तोच राहतो का बघावं. नंतर दोन्ही वाक्यं नकारार्थी करावीत. होकारात झाकलेला फरक नकारात उघडा पडतो, 'झोपलो नाही' आणि 'झोप लागली नाही' यांसारखा. कोशात बघताना दोन नोंदी वेगवेगळ्या बघाव्या आणि नामापुढची लिंगाची खूण सोडू नये, 'समज'सारख्या शब्दात खरं उत्तर तिथेच असतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831चा, दुसरी आवृत्ती 1857ची, म्हणून त्यात क्रियापदं जुन्या पद्धतीने शेवटी अनुस्वार देऊन येतात. डिजिटल प्रतीत 'समजणे' शोधून काही मिळालं नाही तर 'समजणें' टाकून बघा.

हे सगळं सरकारी पत्रांत आणि वर्तमानपत्रांत जास्त नडतं, कारण तिथे क्रियापद दिसलं की त्याचं नाम करून पुढे 'करणे' जोडायची सवय आहे. 'तपासणे'चं 'तपासणी करणे' झालं तर एक शब्द वाढतो, अर्थ फारसा बिघडत नाही. 'मागणे'चं 'मागणी करणे' झालं की बिघडतो. "गावकऱ्यांनी पाणी मागितलं" म्हणजे तांब्याभर, "पाण्याची मागणी केली" म्हणजे निवेदन आणि टँकर. 'विचारले'च्या जागी 'विचारणा केली' आलं की साध्या प्रश्नाला जाब विचारल्याचा सूर येतो. आणि सगळ्यांत सांभाळायचं ते 'नोंद' आणि 'नोंदणी'. "तुमच्या अर्जाची नोंद घेतली आहे" याचा अर्थ तो कुणीतरी पाहिला, इतकाच निघू शकतो. नोंदणी झाली असेल तर तिला क्रमांक असतो, तारीख असते. काउंटरवरून उठायच्या आधी कुठला शब्द ऐकला ते आठवून बघावं आणि क्रमांक मागून घ्यावा.